फलक आत आहे

सोमवार, ३ नोव्हेंबर
झालं, निघालं परिपत्रक! घरकुल अपील मंडळात एकोणीस वर्षं दुसऱ्यांचं टंकलं, हा मसुदा मात्र माझा. सुनावणीच्या नोटिसा यापुढे टपालाने नाहीत — दुसऱ्या मजल्यावरच्या फलकावर. गैरहजर राहिलात, की अपील निकाली.
अध्यक्ष म्हणाले, "मंदाकिनीबाई, आपली कार्यपद्धती आपण ठरवायची. कायद्यानेच मुभा दिलीय. कुणाला विचारायला जायचं नाही." भाषेचं कौतुकही केलं. येताना आंबाबर्फी घेतली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
दुसरं परिपत्रक. गर्दी फार होते, म्हणून हातात नोटीस असेल त्यालाच फाटकातून आत सोडायचं. दोन ओळींत बसवलं!

सोमवार, १० नोव्हेंबर
अगं बाई, काय करून बसले मी!
फाटकाशी वेणूबाई उभ्या. येरवड्याला धुणंभांडी करतात. खोली पाडली, नव्या घरांच्या यादीतून नाव गळलं, त्याचं अपील. पहारेकरी उत्तरेश्वर म्हणतोय, "नोटीस दाखवा."
"कुठं मिळंल ती?"
"आत लावलीय."
"मग सोड की आत!"
"नोटीस दाखवा."
रांगेत कुणीतरी हसलं. उत्तरेश्वरचं तरी काय चुकलं? नियम माझेच, दोन्ही. वर धावले. त्यांची सुनावणी गुरुवारी अकराला. फलकासमोर चिटपाखरू नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
अध्यक्षांना सगळं सांगितलं. फाईलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "आठवड्यात चाळीस अपिलं निकाली निघाली. पूर्वी वर्ष लागायचं." मग अगदी गोड आवाजात — "मसुद्यावर सही कुणाची आहे, बाई? तिसरं परिपत्रक मीच लिहितोय. तुम्ही आता त्रास घेऊ नका."
हा गोडवा मला आवडला नाही. जेवण गेलं नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर
अर्जावरचा नंबर बघून वेणूबाईंना फोन केला. हो, केलाच! "उद्या अकराला या. मी स्वतः आत नेते."
"तुमच्या तोंडात साखर पडो, बाई!"

गुरुवार, १३ नोव्हेंबर
वेणूबाई कागदांची पिशवी छातीशी धरून दहापासून उभ्या. मी ओळखपत्र दाखवलं. रोज नमस्कार करणारा उत्तरेश्वर आज मान वर करेना.
"मॅडम, कर्मचाऱ्यांची नवी यादी आलीय. तुमचं नाव नाही त्यात."
"का? कारण काय?"
"फलकावर लावलंय."
अकरा वाजून गेले.