टोकरखाड्यातील कलाशाळेच्या हॉलची व्यवस्था

मी, सौ. नलिनी अविनाश सबनीस, वय छप्पन्न, व्यवसाय चित्रकला शिक्षण, राहणार टोकरखाडा, सिल्वासा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात मुंबईला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याची खात्री डॉ. विद्या यांनी करून घेतली आहे. ‘कोणाच्याही दडपणाशिवाय’ असे लिहायची पद्धत आहे. दडपण आहे, आणि ते घरातलेच आहे. तरी लिहिते आहे.

१. राहते घर माझे पती श्री. अविनाश यांच्या नावावर आहे. त्यावर मी हक्क सांगत नाही. शेजारचा हॉल आणि त्याखालची जमीन मात्र माझी. माहेरचे दागिने मोडून ती मी घेतली आणि १९८४ पासून तिथे कलाशाळा चालवते.

२. माझ्यामागे हॉल विकू नये, भाड्यानेही देऊ नये. माझा मुलगा चि. अद्वैत याला तो सुताच्या गोदामासाठी द्यायचा आहे. “आई, सिल्वासात चित्रं बघायला येतं कोण?” असे त्याने पुण्याहून फोनवर विचारले. अद्वैत, शनिवारी संध्याकाळी येऊन दारातल्या चपला बघ. शिफ्ट सुटलेले कामगार येतात, खानवेलच्या बसने बाया येतात, कॉलनीतले इंजिनिअर सहकुटुंब येतात. आधी कोणीतरी चित्रांवर बोलते, मग भिंतीवर चादर ताणून आम्ही सिनेमा दाखवतो. आत यायला कोणाची परवानगी लागत नाही. हे असेच चालावे, म्हणून हॉल, प्रोजेक्टर आणि खुर्च्या मी कलाशाळेच्या शिक्षिका जया आणि शोभा यांच्याकडे विश्वस्त म्हणून सोपवते. अद्वैतला माझी बँकेतली शिल्लक आणि त्याच्या लहानपणीची मी काढलेली सगळी चित्रे द्यावीत. चित्रे नको असतील तर कलाशाळेला परत करावीत, रद्दीत घालू नयेत.

३. माझा कॅमेरा जयाला. याचे कारण लिहून ठेवणे भाग आहे.

जया सामरवरणीची. दिवसा ती कारखान्यात पॅकिंग करायची आणि संध्याकाळी माझ्याकडे शिकायची. तिने आपल्याच कारखान्यातल्या कामगारांच्या हातांचे फोटो काढले. काही हातांची बोटे प्रेसखाली गेलेली होती. १९९१च्या नोव्हेंबरात मी त्या फोटोंचे प्रदर्शन ठरवले. आमचे हे त्याच कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर होते. वरच्या साहेबांनी यांना बोलावून घेतले. घरी आल्यावर बूटसुद्धा न काढता हे म्हणाले, “नलिनी, ते फोटो लावायचे नाहीत. तुझी शाळा माझ्या नोकरीवर उभी आहे.”

मी फोटो लावले.

उद्घाटनाला हॉल भरला होता. नाशिकहून आलेले व्याख्याते छायाप्रकाशावर बोलत होते. तेवढ्यात हे कंपनीचे दोन वॉचमन घेऊन आत आले. लोक सरकून भिंतीला लागले. हे सगळ्यांसमोर म्हणाले, “फोटो उतरवा.”

मी म्हटले, “अहो, भाषण तरी संपू द्या.”

“आत्ता. नाहीतर उद्या मी कामावर नाही, आणि यातले निम्मे लोकही नाहीत.”

एका वॉचमनने पहिल्या फोटोला हात घातला. तो बायडाबाईंच्या हाताचा होता. धुळ्याकडच्या बाई, प्रेसवर काम करायच्या, उजव्या हाताला दोनच बोटे राहिलेली. त्या पुढच्या रांगेतून उठल्या आणि फोटोला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“हाऊ फोटू मना शे,” त्या म्हणाल्या. “मी सांगसू तवय उतारा.”

वॉचमन यांच्याकडे बघू लागला. मग बायडाबाईंनी यांनाच विचारले, “साहेब, प्रेसनी जाळी कोनी काढी? काम भरभर व्हवाले पायजे म्हनीसन?”

हात आत जाऊ नये म्हणून मशीनला जाळी असते, तिच्याबद्दल त्या विचारत होत्या. मला यातले काही माहीत नव्हते. मी यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या क्षणी हे खोटे बोलले असते, तर मी यांच्यासोबत त्या घरात परत गेले नसते, एवढे मला स्वच्छ कळत होते.

हे म्हणाले, “मी काढली. मला वरून सांगितलं होतं, पण काढली मीच.”

आणि हे तिथेच सतरंजीवर बसले. फोटो भिंतीवर राहिले.

सोमवारी यांची नोकरी गेली, जयाचीही गेली. बायडाबाईंच्या भरपाईच्या खटल्यात यांनी तीच साक्ष दिली. मशीनना जाळ्या परत लागल्या. आमच्या घरात मात्र पुढचा पावसाळा येईपर्यंत मीठ-भाजीपलीकडे बोलणे नव्हते. हे आता सामरवरणीत मशीन दुरुस्तीची कामे करतात. हॉलमध्ये यांनी पुन्हा पाऊल टाकले नाही.

४. व्याख्याते त्या गडबडीत मागच्या दाराने गेले. त्यांची स्लाइडची पेटी कपाटात आहे. मागायला आले तर द्यावी. चहा विचारू नये.

५. भिंतीवरचे चित्र किंवा फोटो ज्याचा किंवा जिचा असेल, त्यांच्या संमतीशिवाय तो उतरवू नये, मग सांगणारा कोणीही असो. जया आणि शोभा यांनाही हे लागू आहे.

६. माझे पती श्री. अविनाश यांना मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. लोक याचा भलताच अर्थ काढतील. वकिलांनी सांगितले की ज्याला लाभ मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये. अहो, मला तुमची सही हवी आहे. तुमची सही असली की अद्वैत कोर्टात जाणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. काल कच्चा मजकूर वाचून तुम्ही म्हणालात, “मी सही केली तर पोरगा माझ्याशी बोलायचा नाही.” मग चप्पल घालून बाहेर गेलात. रागावून की विचार करायला, ते मला कळले नाही. दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी दुसऱ्या कोणाला देणार नाही. तुम्ही येईपर्यंत मीही सही करणार नाही.

स्थळ : टोकरखाडा, सिल्वासा
दिनांक : १४ डिसेंबर १९९६

लिहून ठेवणार : सौ. नलिनी अविनाश सबनीस

यांनी आमच्यादेखत, शुद्धीत असताना सही केली. साक्षीदार :

१. डॉ. विद्या

२. अविनाश सबनीस. मजकूर वाचून, समजून सही केली. अद्वैतशी मी बोलतो.