माळ्यावरची दोन हेडं

प्रिय इनासकाका,

रविवारी तुमच्या लेकीचं, लूसीचं लग्न आहे आणि आज तुमच्या गाडीच्या इंजिनाचं हेड दुसऱ्यांदा उतरवून बसवलं. हाताचा रॉकेलचा वास साबणाने जात नाहीये. भांडायला मी सिमेंटरीत येऊन गेलो, पण शेजारच्या कबरीवर एक बाई मेणबत्ती लावत होत्या. त्यांच्यासमोर आवाज चढवणं बरं दिसेना. म्हणून लिहितोय.

माणसाने जाताना काहीतरी नीट सांगून जावं की नाही? तुमच्या गाडीच्या हेडला तडा गेलेला, तेलात पाणी उतरलेलं, हे तुम्हाला माहीत होतं. माळ्यावर गोणपाटात गुंडाळून दोन हेडं ठेवलीत. चिठ्ठी नाही, खूण नाही. एक मोठ्या व्हॉल्व्हचं, एक लहान. हॉस्पिटलात मी विचारलं, काका, कुठलं लावू? तर डोळे मिटून म्हणालात, "गाडीला काय काम आहे ते आधी विचार." आणि झोपलात. मी मनात म्हटलं, गाडीला काय काम असणार? पळायचं!

चूक माझी, कबूल. पण अर्धी तुमची.

तुम्हीच मला डोक्यावर चढवलंत. तुळिंजच्या चाळीतून तुमच्या गॅरेजच्या शेडमध्ये कामाला आलो तेव्हा मला धड पाना धरता येत नव्हता. तुम्ही लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवलंत, मूठ माझ्या कानाला लावलीत आणि विचारलंत, काय ऐकू येतं? मी म्हटलं, तिसऱ्या सिलिंडरमध्ये काहीतरी टिकटिकतंय. व्हॉल्व्ह कव्हर उघडलं तर खरंच तिसऱ्याच्या व्हॉल्व्हचा गॅप वाढलेला. त्या दिवशी जेवताना काकींना म्हणालात, "याला कान आहेत. आता अक्कल तेवढी द्यायची राहिली." त्यातला पहिला भाग मी आजवर गावभर सांगत आलो. एव्हरशाईनच्या वस्तीत स्वतःचं गॅरेज टाकलं ते त्याच कानांच्या जोरावर. दुसरा भाग कधी कुणाला सांगितला नाही.

तर मी मोठ्या व्हॉल्व्हचं हेड उचललं. हवा आत घेणारे पोर्ट ग्राइंडरने मोठे केले, आतून घासून आरशासारखे चकचकीत केले. कॉम्प्रेशन वाढावं म्हणून लेथवाल्याकडून हेड खालून पातळ करून घेतलं. तो म्हणाला, शेठ, जुनी गाडी आहे, बेताने घ्या. मी त्यालाच शिकवलं. आणि काका, गाडी काय पळाली म्हणून सांगू! हायवेला चौथ्या गियरमध्ये असा सूर लागला की मी तुमच्या नावाने हॉर्न वाजवला.

तुमच्या घरी येऊन लूसीला सांगितलं, बघ, पाच मिनिटांत चर्चला. ती म्हणाली,

"दत्तादादा, पाच मिनिटांत कशाला? गाडी बँडच्या मागून चालणार. घरापासून चर्चपर्यंत सगळे नाचत जाणार. पप्पांनी तुला सांगितलं नाही?"

नाही ना सांगितलं! माझ्यासारख्या कोकणातून आलेल्या माणसाला हे कोण सांगणार? तुमच्याकडच्या लग्नांना मी इतकी वर्षं येतो, पण थेट जेवणाला. वरात घरातून कशी निघते ते पाहायला कधी वेळ काढला नाही. हेही माझंच, लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मेच्या उन्हात, तालीम केली. लूसी पुढे चालत होती, मी मागून पहिल्या गियरमध्ये. वाडीच्या कोपऱ्यापर्यंत दोनदा बंद पडली. बंद पडू नये म्हणून रेस देत, क्लच दाबत राहिलो, तर गचके खात निघाली. मंदिराच्या वळणावर आतून खड्यांचा डबा हलवल्यासारखा आवाज यायला लागला. हे कान, काका, तुम्हीच घडवलेले, त्यांना तो आवाज ऐकावा लागला. मग पाणी उकळलं. बॉनेटमधून वाफ, आणि बाजूच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, चहा टाकलाय का?

लूसी चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "राहू दे दादा. मी भाड्याची गाडी सांगते."

तुमच्या शवपेटीपाशी उभं राहून मी तिला शब्द दिला होता, पप्पांच्याच गाडीतून चर्चला जाशील. तुम्ही ऐकलंतही असेल. आता ही पोर मलाच मोकळं करत होती.

तेव्हा कुठे दुसरं हेड माळ्यावरून काढलं. आधी एकदा पाहून मी ते अर्धवट काम म्हणून बाजूला सारलं होतं. पोर्ट आतून खडबडीत, ओतीव लोखंड होतं तसंच. फक्त हवेच्या नळ्यांना, मॅनिफोल्डला जिथे तोंड मिळतं तिथली कड हाताने, कानशीने जुळवलेली. खालून एक कणही पातळ केलेलं नाही. मग सिरिंजने रॉकेल भरून, पेट्रोल जळतं ते चारही चेंबर मोजले. चारही सारखे, थेंबाथेंबाने सारखे! शेवटच्या वर्षी तुमच्या हातातला कप बशीत वाजायचा. त्या हातांनी हे केलंत? आणि मी दर रविवारी येऊन सांगायचो, काका, आता आराम करा, काय ते खरडत बसलाय. तेव्हा तरी माझ्या पाठीत एक धपाटा घालून सांगायचंत!

वाडीत झाडांना पाणी घालताना तुम्ही पाइपचं तोंड अंगठ्याने दाबायचात, मग पाणी शेवटच्या केळीपर्यंत जायचं. माझ्या डोळ्यांसमोर वीस वर्षं होतं ते. पोर्टचं तोंड मोठं केलं की पळताना जोर मिळतो, पण सावकाश चालताना आतली हवा मंदावते, इंजिन गुदमरतं. हे मला कळायला एक चांगलं हेड वाया घालवावं लागलं.

आज संध्याकाळी लहान हेड लावून गाडी काढली. पहिला गियर, क्लचवरचा पाय पूर्ण काढलेला, ॲक्सिलरेटरला स्पर्श नाही. गाडी आपली आपण चालत राहिली. लूसी डाव्या बाजूने, मागच्या खिडकीवर हात ठेवून चालत होती. चर्चच्या कंपाउंडपर्यंत जाऊन परत आलो. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. मी एवढे कान लावले, एकही वावगा आवाज नाही.

फाटकाशी येऊन ती थांबली. म्हणाली, "पप्पा सांगायचे, मी गाडीत बसणार नाही. तुझ्या खिडकीशी चालत येणार, चर्चपर्यंत." मग म्हणाली, "दुखऱ्या गुडघ्याने ते असेच चालायचे ना रे, एवढेच हळू."

मी बॉनेट उघडून उगाच आत वाकलो. बराच वेळ वाकून राहिलो.

गाडीला काय काम आहे ते विचार, म्हणालात. अहो, तुमच्या पायांच्या बरोबरीने चालायचं काम होतं, हे सरळ सांगता आलं नसतं?

भाड्याची गाडी लूसीने रद्द केलीय. रविवारी स्टिअरिंगवर मी असेन. बँडवाले कितीही रेंगाळले तरी हॉर्न वाजवणार नाही, दुसरा गियर टाकणार नाही. तिच्या खिडकीची काच खाली असेल आणि डाव्या बाजूला एका माणसाला चालता येईल एवढा रस्ता मी शेवटपर्यंत मोकळा ठेवीन.

तुमचाच, अजून पुरता न निवळलेला,
दत्ता