मागच्या दाराचा पोचा

मी, रविंद्र नारू तामोरे, वय ६८, राहणार वरोर, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदय साथ देत नाही, डोकं मात्र जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचाही दबाव नाही. पूर्वीच्या मृत्युपत्रात मुलगी क्रांती हिचं नाव मी मुद्दाम घातलं नव्हतं. ते मृत्युपत्र रद्द समजावं.

१. वरोरचं घर आणि बँकेतली ठेव माझ्या पश्चात पत्नी हंसा हिची. तिच्यानंतर घर मुलगा हार्दिक आणि क्रांती यांना निम्मं निम्मं. हार्दिक म्हणेल, "बाबा, छप्पर मी बदललं." बदललंस, नाकारत नाही. म्हणून होडी आणि जाळी पूर्णपणे तुझी.

२. वाणगावला रस्त्यालगतची माझी दोन गुंठे जागा जावई मनिष सुक्या वरठा, राहणार तलासरी, यांना गॅरेजसाठी देतो. यामागची हकीकत लिहिणं भाग आहे, कारण नऊ वर्षं मी ती खोटी सांगत आलो.

२०१६ साली मनिष वाणगावच्या एका गॅरेजमध्ये गाड्यांचे पोचे काढायचा. क्रांतीने त्याच्याशी लग्न ठरवलं. तो आमच्या जातीचा नाही, एवढाच माझा आक्षेप. दुसरी खोट शोधूनही सापडली नाही. क्रांतीला झाई गावात माझ्या बहिणीकडे ठेवायचं म्हणून मी तिला गाडीत घालून निघालो. वाणगावच्या बाजारात गाडी अडकली आणि मनिष मागच्या दाराशी आला. क्रांती काच खाली करू लागली. बाकीच्या काचा बंद ठेवायचं बटण ड्रायव्हरच्या दारावर असतं. ते मी दाबलं. ती आतून काचेवर थापा मारत होती, तो बाहेरून काही सांगत होता. मी रागाने गाडी वळवली, आणि मागचं डावं दार लोखंडी खांबाला लागून आत गेलं.

गावात मी सांगितलं, त्या पोराने लाथ मारली. पोलीस ठाण्यात तसा अर्जही दिला. गॅरेजमालकाने मनिषला कामावरून काढलं. क्रांती खरं बोलली, तर "ती त्याच्याच बाजूने बोलणार" म्हणून मी तिला गप्प केलं. चौथ्या दिवशी ती झाईहून पहिल्या एसटीने निघून गेली. पोचा मी काढला नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत राहिलो.

गेल्या मे महिन्यात हंसाच्या डोळ्याचं ऑपरेशन वापीला झालं. परतताना हायवेवर तिच्या बाजूची काच धाडकन दारात घसरली. सगळी धूळ तिच्या पट्टीवर. तलासरीत जे पहिलं गॅरेज दिसलं तिथे गाडी घातली. समोर मनिष.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग हंसाकडे. म्हणाला, "आई, आत सावलीत बसा. डोळ्याला हात लावू नका."

त्याने दाराचं आतलं कव्हर खोललं. काच वर ओढणारी तार तुटली होती. भंगारातल्या तशाच एका गाडीतून पूर्ण यंत्रणा काढून त्याने बसवली. काच वर गेली. मग मागच्या दाराच्या पोच्यावरून तळवा फिरवत त्याने विचारलं, "हाही काढून देऊ?"

मी म्हणालो, "तो मी पाडलाय. खांबावर."

"माहीत आहे. मी तिथेच होतो ना."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. शेठला, ठाण्यात, सगळीकडे. म्हटलं, खांबाचा पिवळा रंग दाराला लागलाय, येऊन बघा. कोणी आलं नाही."

तो आतून हळूहळू ठोकत पत्रा बाहेर काढत राहिला. तेवढ्यात क्रांती डबा घेऊन आली, बरोबर तिची सात वर्षांची मुलगी पूर्वी. हंसाने नातीला पहिल्यांदा पाहिलं, तेही एकाच डोळ्याने. क्रांती मला म्हणाली, "आईला भात वाढते. तुम्हीही बसा." मी बसलो. ताटात एक शीतही ठेवलं नाही.

३. गाडी क्रांतीला. नको वाटली तर खुशाल मोडून टाकावी. सुटे भाग मनिषच्या कामी येतील.

४. कलम दोन माझ्या मरणाची वाट बघत ठेवलेलं नाही. परवा रविवारी समाजाच्या बैठकीत उभं राहून वाचलं. दोघे उठून गेले, बाकीच्यांनी ऐकलं. माझा अर्ज खोटा होता असं ठाण्यात लेखी दिलं आहे. प्रत जोडली आहे. गॅरेजमालक आता हयात नाहीत. त्यांना सांगायचं राहिलं.

५. या मृत्युपत्राचा अंमल पुतण्या प्रविण याने करावा. जागेवरून हार्दिकने मनिषशी वाद घालू नये.

६. मला खांदा देणाऱ्यांत मनिष असावा अशी इच्छा आहे. त्याला मी अजून विचारलेलं नाही, धीर होत नाही. त्या दिवशी त्याला निरोप पाठवावा. तो आला नाही तरी जागा त्याचीच, आणि त्याला कोणी एक शब्द बोलू नये.

सही: रविंद्र नारू तामोरे

आम्हां दोघांसमोर रविंद्रकाकांनी वाचून सही केली. वाचताना दोनदा थांबले, पण पूर्ण शुद्धीत होते.

साक्षीदार: १. सुरज अमृत मेहेर, वरोर
२. भाविक लक्ष्मण दवणे, वाणगाव

ठिकाण: वरोर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५