गरम भिंतीवरचा थर्मामीटर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पाव भाजण्याचा (आता फक्त खाण्याचा), आज स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल बायकोचं मत वेगळं आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. वकिलांनी 'थोडक्यात लिहा' असं दोनदा बजावलं, तेवढं मात्र मी ऐकलेलं नाही.

कलम १. राहतं घर, मागचं अंगण आणि बँकेत असेल ते सगळं बायकोचं. तिने त्याचं काय करावं हे मी सांगत नाही. जिवंतपणी बऱ्याच गोष्टी सांगून पाहिल्या, उपयोग झाला नाही.

कलम २. बेकरी, साचे आणि पीठ मळायचं यंत्र मुलीचं. तीच ते चालवते. चार वर्षांपूर्वी तिने लाकडाची भट्टी बंद करून विजेची आणली, तेव्हा मी त्या भट्टीला चारचौघांत 'पेटी' म्हणालो. तो शब्द मागे घेतो. पाव चांगला होतो. कडा जरा कच्च्या राहतात, पण ते असो.

कलम ३. माझी आरामखुर्ची समोरच्या सलूनवाल्याला. माझ्या विजयाच्या दिवशी मला खांद्यावर घ्यायला गेला आणि त्याची कंबर धरली, ती अजून पुरती सुटलेली नाही. कोणता विजय ते कलम ५ मध्ये येईल.

कलम ४. पिशवीबंद पाव गाडीतून वाटत फिरणाऱ्या एजंटाला काहीही नाही. माझ्या गिऱ्हाइकांसमोर त्याने माझ्या पावाला 'जुन्या काळचा' म्हटलं होतं. बायको म्हणते, इतकी अढी बरी नव्हे. ठीक आहे, त्याला टोस्टचा रिकामा डबा द्यावा.

कलम ५. आता वह्या. या एकूण चाळीस आहेत आणि खरं म्हणजे हे सगळं मी त्यांच्यासाठीच लिहायला बसलो.

पाववाल्याला हवा बघून काम करावं लागतं. गरमी असली की पीठ लवकर फुगतं, यीस्ट कमी घालायचं, थंडीत जास्त. म्हणून वडिलांनी अंगणातल्या भिंतीवर थर्मामीटर लावून दिला होता. रोज दुपारी तीनला मी तो बघायचो, वहीत तापमान लिहायचो, मग अंगणापलीकडच्या खोलीत जाऊन दुसऱ्या दिवशीचं पीठ भिजवायचो आणि शेजारच्या रकान्यात यीस्ट किती घातलं ते लिहायचो. चाळीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. मुलगी जन्मली त्या दिवशीसुद्धा नाही, आणि हे बायको अजून विसरलेली नाही.

नऊ वर्षांपूर्वी वाचनालयाने जाहीर वाद ठेवला: हवा तापते आहे, त्याला माणूस जबाबदार आहे का? तेव्हा गावात दोनच पक्ष उरले होते. सलूनमध्ये डावी खुर्ची 'आहे' वाल्यांची, उजवी 'नाही' वाल्यांची. मधे बसायला जागाच नव्हती. 'आहे' च्या बाजूने बोलायला माझी धाकटी बहीण उभी राहिली. ती शाळेत भूगोल शिकवायची. 'नाही' च्या बाजूने मी.

मी का, तेही लिहून ठेवतो. माणूस जबाबदार म्हटलं की धूर आला, धूर म्हटला की भट्टी आली, आणि भट्टी म्हणजे माझे वडील. त्यांनी आयुष्यभर गावाला खाऊ घातलं. त्यांच्याकडे कोणी बोट दाखवलेलं मला खपणार नव्हतं. ती माझीच बहीण, तिचेही तेच वडील, हे मला त्या दिवशी सुचलं नाही.

धाकटीने जगभरचे आकडे मांडले. मी वह्या मांडल्या. तोवरच्या सगळ्या वर्षांचे मे महिने ओळीने वाचून दाखवले, सगळे जवळपास सारखेच. "हवा तापलेलीच नाही, तर जबाबदार कोण हा प्रश्न येतोच कुठे?" असं विचारलं. मग टाळ्यांच्या भरात हेही म्हणालो, की पोरांना पुस्तकातलं शिकवण्याआधी बाईंनी घरचं अंगण बघावं. सभागृह हसलं. धाकटीने समोरची वही एकदा चाळली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता खाली बसली. त्या दिवसापासून ती रस्त्यापलीकडच्या घरातून इकडे आलेली नाही.

पुढे भट्टी बंद झाली. पहिल्याच मे महिन्यात सगळी गल्ली घामाने निथळत होती आणि माझा थर्मामीटर गेल्या वर्षीपेक्षा तीन अंश कमी दाखवत होता. मला वाटलं, बिघडला. मग लक्षात आलं की त्याच्याखाली वर्षानुवर्षं झोपणारं मांजर तिथे नाही. ते मुलीच्या भट्टीवर जाऊन निजलं होतं. मी भिंतीला तळहात लावला. गार. माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. भिंतीच्या पलीकडच्या अंगाला भट्टी होती. आधी दिवसाला पावाचे तीन घाणे निघायचे, मग दोन, पिशवीबंद पाव आल्यावर एकच. भिंत वर्षावर्षाने निवत गेली, हवा वर्षावर्षाने तापत गेली, आणि काटा मधल्यामधे जागेवर राहिला. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "थंडीत मी पायमोजे त्याच भिंतीवर वाळवायचे. तुम्हाला काय वाटलं, कशाने वाळतात?"

मी वह्या पुन्हा काढल्या. यीस्टचा रकाना या वेळी पहिल्यांदा वरपासून खालपर्यंत वाचला. मे महिन्यात वीस किलो मैद्याला सुरुवातीला चारशे ग्रॅम, शेवटी शेवटी अडीचशे. कोणी न सांगता माझा हात कमी घालत आला होता. हाताला ठाऊक होतं आणि मी भाषणं करत होतो. एका अंगणाने जगाचा निकाल लागत नाही, हे धाकटी तेव्हाही सांगत होती. पण स्वतः लाकडं घालून भिंत तापवायची आणि गावाला सांगायचं की माणसाने काही तापवलेलं नाही, असा गाढवपणा माझ्याखेरीज कोणी केला नसेल.

हे कळूनही चार वर्षं मी मूग गिळून बसलो. सबब, माझ्या मृत्यूनंतर सर्व वह्या धाकट्या बहिणीला द्याव्यात आणि हे कलम त्याच सभागृहात मोठ्याने वाचावं. अंगणाबद्दलच्या त्या वाक्याची मी माफी मागतो. ते मला रोज सलतं.

कलम ६ (आज दुपारी वाढवलेलं). बायकोने वरचं वाचलं आणि म्हणाली, "मेल्यावर माफी मागणार? म्हणजे तिने ऐकायचं आणि तुम्ही तिच्या तोंडाकडे बघायचंसुद्धा नाही. सोयीचं आहे." दुसरा साक्षीदार हवाच होता, म्हणून तिने मला न विचारता मुलीला रस्त्यापलीकडे पाठवलं. धाकटी आली. अंगणात उभ्याउभ्या तिने हा कागद पहिल्या अक्षरापासून वाचला. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तेव्हा वह्या देण्याचा भाग रद्द समजावा. त्या मी आत्ताच माझ्या हातांनी तिला दिल्या. सभागृहात वाचायचा मजकूर येत्या रविवारी मी स्वतः वाचणार आहे, टाळ्या वाजोत न वाजोत. थर्मामीटर आता झाडाच्या सावलीत टांगला आहे.

सही: पाववाला

साक्षीदार १: डॉक्टर. (लिहून देणारे शुद्धीत आहेत. रक्तदाब थोडा जास्त, कारण वर आलेलंच आहे.)

साक्षीदार २: धाकटी बहीण, निवृत्त शिक्षिका. शेरा लाल शाईत, वकिलांची हरकत असताना:

वाचलं. यीस्टचा रकाना मी त्याच दिवशी सभागृहात पाहिला होता. वही तू माझ्यासमोरच उघडी ठेवली होतीस. गाव तुझ्यासाठी टाळ्या वाजवत होतं, आणि भर सभेत सख्ख्या भावाला खोटं पाडायला माझी जीभ उचलली नाही. तू स्वतः सांगशील म्हणून थांबले, मग थांबायची सवय झाली. नऊ वर्षं पिशवीतला पाव खाल्ला, दादा. उद्यापासून दोन पाव माझ्यासाठी ठेवायला सांग. कडा कच्च्या असल्या तरी चालतील.

स्थळ: बेकरीमागचं अंगण
दिनांक: सोळा मे, दुपारी तीन. तापमान एकोणचाळीस, सावलीत.