टेबलावर राहिलेला डाव

अहिल्याबाई घाटाजवळ, वाराणसी
१८ नोव्हेंबर २०२४

वेणीमाधवभावजी यांस,

नमस्कार. घरी सगळे बरे असतील. मी बरी आहे. रक्तदाब ताब्यात आहे, गुडघे नाहीत. तुम्ही फोन उचलत नाही, आणि परवा दशाश्वमेधावर मला बघून छत्रीआड झालात. एवढ्या देहाने लपू नये, दिसतं. म्हणून पत्र. तुमच्या पुतण्याच्या, मुकुलच्या हाती देते आहे.

आधी कामाचं. पूल टेबल विकायचं ठरवलं आहे. रामनगरचे एक गृहस्थ रविवारी नेतील. सोबत क्यूच्या काठ्या, बॉल मांडायचा तिकोन, खडूचा डबा, भिंतीवरची गुण मांडायची फळी, सगळंच. कापडाखालच्या दगडाच्या लाद्या सुट्या करून गल्लीतून न्याव्या लागतील, आणल्या होत्या तशाच. सुरुची पुण्याहून म्हणते, "आई, हॉल मोकळा होईल." होईल. मोकळ्या हॉलचं मी काय करायचं ते लेकीने सांगितलं नाही.

ते गृहस्थ काल बघायला आले होते. चादर काढून कापडावर हात फिरवला. कडेचा गोल डाग दाखवून म्हणाले, "माताजी, ये क्या गिरा है?" मी म्हटलं, गंगाजल. त्यांनी हात जोडले!

रेल्वेच्या क्लबातून टेबल आलं तेव्हा त्याची पातळी बघायला तुम्ही पंचपात्र काठोकाठ भरून ठेवलंत. पाणी कुठे कलतं ते बघायला तुम्ही आणि हे, दोघंही वाकलात, आणि तुमच्या पोटाचा धक्का लागून सगळं नव्या कापडावर. हे तुमच्याशी बोलेनासे झाले. तरी दुसऱ्या संध्याकाळी तुम्ही दारात हजर: "दत्तोबा, पातळी तर लागली ना?" पुढे तुमच्या बोटांना क्यूचा निळा खडू कायमचा लागला. घाटावर संकल्प सांगताना कोणी यजमानाने विचारलं, "महाराज, ई उँगली में नीला का लगल हौ?" तुम्ही म्हणालात, "शनि का उपाय है." आमच्या घरी येऊन तुम्ही ते सांगितलंत, तेव्हा ह्यांना हसून ठसका लागला होता.

असो.

मग त्या गृहस्थांनी बॉल गोळा करायला हात घातला. मी म्हटलं, हात लावू नका. जरा जोरात म्हटलं गेलं. त्यांनी विचारलं, "खेल चल रहा है क्या?" मी हो म्हटलं. बिचारे चहा न घेता गेले.

बॉल अजून होते तिथेच आहेत. मी कडेकडेने धूळ झटकते, वर चादर घालते. चादरीखाली उंचवटे दिसतात. तेराव्याला कोणी तिथे पत्रावळी ठेवू लागलं, तेव्हाही मी ओरडले होते. लोक म्हणाले, दुःख आहे. मला तसं काही वाटत नव्हतं. अजूनही वाटत नाही. उठते, दूध घेते, पेपर वाचते, दोन पोळ्या करते. संध्याकाळी हॉलमधून आवाज येत नाही, एवढंच.

दहाव्याला तुम्ही आला नाहीत, मुकुलला पाठवलंत. त्याने नीट केलं. उच्चार स्वच्छ आहेत.

का आला नाहीत ते मला माहीत आहे. त्या शेवटच्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते, दार उघडं होतं. हे स्टुलावर बसले आणि म्हणाले, छातीत भरून आलंय. तुम्ही म्हणालात, "हरायला लागलं की दत्तोबांना काहीतरी होतंच. बहाणे नकोत, डाव तुमचा आहे." भावजी, मी आत हसले. चांगली मोठ्याने हसले. ते ऐकून हेही हसले. हरताना बहाणे, नेहमी तेच तर करायचे. डॉक्टर मला नंतर म्हणाले, तेव्हाच आणलं असतं तरी उपयोग नव्हता. हे ऐकायला तुम्ही थांबला नाहीत, म्हणून आता लिहून कळवते.

वर्षश्राद्ध मार्गशीर्षात येतंय. मुकुल नको. मंत्र तुम्ही सांगायचे.

त्याआधी या शनिवारी, संध्या आटपून, नेहमीच्या वेळेला या. डाव ह्यांचा होता. तो मी खेळणार आहे. जन्मात क्यू हातात धरलेला नाही, कसा धरतात ते दाखवा. माझं झालं की तुम्ही खेळा. टेबलावर एकही बॉल राहता कामा नये. रविवारी त्या माणसाने रिकामं टेबल न्यावं.

चहा बिनसाखरेचा मिळेल. खडू आणू नका, ह्यांचा अर्धा उरला आहे.

ह्यांच्या जागी खेळणारी,
तुमची वहिनी
देवयानी