उघडं मनगट

स्मोल्यान,
३ एप्रिल २०२०

प्रिय आई,

तू, तुझ्या शेळ्या आणि शेजारच्या गेनामावशीची जीभ, सगळं ठणठणीत असेल असं धरून चालते. फोनवर तू रडायला लागतेस, मग मी काहीबाही सांगून मोकळी होते. म्हणून हे पत्र. पाकिटावर लिहिलं होतं तसं दिवसभर उन्हात ठेवूनच उघडलंस ना? वाचून झालं की हात धू. हसू नकोस.

देसीचे केस कापायला झाले असतील. कापू नकोस, माझ्या लेकीचे केस मी आल्यावर बघू.

आता ऐक. मी अजून लहान मुलांच्या वॉर्डात आहे असं तुला सांगत आलेय. नाहीये. मी साथीच्या वॉर्डात आहे आणि तेही मागून घेऊन. माझ्या हाताखालच्या नर्स पोरी आत आणि मी बाहेर, हे मला जमलं नसतं.

माझ्याबरोबरची नर्स वेनेता आठवते ना? "काकू, अजून एक तुकडा" म्हणत तुझ्या बानित्सावर ताव मारणारी? ती आजारी पडली. आमच्याच वॉर्डात, दाराजवळच्या खाटेवर, ऑक्सिजन लावलाय. कशामुळे झालं हे कुणी छातीठोक सांगणार नाही, पण मला माहीत आहे. संरक्षक पोशाख उतरवताना तिचा हातमोजा मनगटावरच्या मार्तेनित्सात, मार्चमध्ये बांधलेल्या लाल-पांढऱ्या दोऱ्यात, अडकला. तिने तो हिसडला आणि मोज्याची बाहेरची बाजू कातडीला लागली. हे तिनेच मला हसत सांगितलं होतं. समोर उभं राहून बघणारं कुणी नव्हतं. माणसंच कुठे होती?

त्या दिवसापासून मी ठरवलं, एकटीने पोशाख उतरवायचा नाही. एक उतरवेल, दुसरी समोर उभी राहून एकेक पायरी सांगेल. आणि मनगट उघडं. अंगठ्या, घड्याळं मुकाट निघाली. पण लाल-पांढरा दोरा म्हटल्यावर सगळ्या बिथरल्या. "ताई, करकोचा दिसला नाही, झाड फुललं नाही, आणि आत्ताच तोडायचा? अभद्र बोलू नका!" आपली स्तोयान्का, पन्नाशीची बाई, तिने तर हात पाठीमागे लपवला.

मग मी कात्री घेतली आणि आधी माझा कापला. देसीने वळलेला, तू बांधलेला. मग एकेक जण पुढे आली. सगळे दोरे साबणाने धुऊन अंगणातल्या आलुबुखाराच्या झाडावर बांधलेत. अजून एक कळी नाही बिचाऱ्याला.

तुला राग येणार. येऊ दे. "सोड ती नोकरी" म्हणालीस, तर सोडणार नाही. ईस्टरलाही येणार नाही. लाल अंडी घेऊन तू इस्पितळाच्या फाटकापाशी येऊन उभी राहशील, मी ओळखते तुला. येऊ नकोस. मला भीती माझी नाही, तुम्हा दोघींची वाटते.

आणि कालचं सांगते. ड्यूटी संपली होती, देसीच्या फोनची वेळ झालेली. स्तोयान्का समोर होती, पण कुणीतरी हाक मारली म्हणून तिने क्षणभर मान वळवली. मी पोशाख उतरवला आणि घाईत हात थेट मास्कला गेला. तेवढ्यात टकटक! दाराच्या काचेपलीकडे वेनेता. पहिल्यांदाच खाटेवरून उठली होती, ऑक्सिजनची नळी ताणून, हातातल्या चमच्याने काच बडवत होती. बोलणं ऐकू येत नव्हतं, पण ओठ कळले. "आधी हात, बये!"

मी हात धुतले. धुता धुता रडले. मग तिने आपलं मनगट काचेला टेकवलं, दोरा नसलेलं. मीही माझं वर केलं, लांबूनच.

घरी येईन तेव्हा मला दारातच थांबव, कोपरापर्यंत हात धुवायला लाव. मग नवा दोरा बांध, ऋतू कुठलाही असो. तोवर,

उघड्या मनगटाची, तुझीच,
रुमेना