गृहीत धरलेली खोली

३ मार्च, रविवार. सकाळी ८

नवी वही. नवा निर्धार. मागची खोली स्वतःच्या हातांनी तयार करायची. तीन रविवारांत. चौथा रविवार राखीव, म्हणजे लोकांना येऊन बघायला.

कारण: हिचा बुकबाइंडिंगचा क्लास. हिने लायब्ररीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली ती यासाठीच. गेली बावीस वर्षं ही जेवणाच्या टेबलावर फाटकी पुस्तकं शिवतेय. एकदा अर्धवट झोपेत मी हिची खळ टोस्टला लावून खाल्ली. वाईट नव्हती.

क्लास ७ एप्रिलला सुरू. आठ जणांनी नावं दिलीत. खोली तयार असेल, असा शब्द मी काल सगळ्यांदेखत दिला. टाळ्या पडल्या. (कन्येने वाजवल्या. पण पडल्या.)

काम किरकोळ आहे. भिंतींवरचे जुने सिमेंटचे बोर्ड उपटायचे, रंग, शेल्फ. बावीस वर्षांत ही खोलीबद्दल एका शब्दाने बोलली नाही. म्हणजे तशी घाई नाही हिला. पण मी शब्दाचा पक्का.

वही कपाटावर, जुन्या सुटकेसखाली ठेवणार. तिथे हिचा हात पोचत नाही. ही अंबाड्यात पेन्सिल खोचून फिरते आणि दिसेल ते दुरुस्त करते. परवा लॉन्ड्रीच्या पावतीवरचं शुद्धलेखन सुधारलं.

३ मार्च, दुपारी १

मिस्त्रींना बोलावलं होतं. फक्त सल्ल्याला. ते खोलीच्या दारातच थांबले. हात लांब करून बोर्डावर बोटाने टकटक केलं आणि मागे सरकले. म्हणाले, घर त्या काळातलं आहे, यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. तोडफोडीआधी सर्व्हे करून घ्या. तोवर मी खिळा ठोकणार नाही, तुम्हीही ठोकू नका.

मला हसू आलं. मिस्त्री म्हणाले, हसा, पण बाहेर येऊन हसा.

अ‍ॅस्बेस्टॉस लोकांच्या घरांत असतं. हे घर माझ्या वडिलांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं. चहासुद्धा दोनदा गाळून घेणारा माणूस. ते भिंतीत भलतंसलतं घालू देतील?

पण माझं हसू संपायच्या आत हिने सर्व्हेवाल्यांना फोन लावलासुद्धा. तारीख १६ मिळाली. मग बाल्कनीत जाऊन हिने आणखी एक फोन केला, हळू आवाजात. मैत्रीण असेल.

४ मार्च, सोमवार

ऑफिसात नेटवर वीस मिनिटं अभ्यास केला. आता या विषयावर माझी पकड आहे. मुद्दा सोपा आहे: बोर्ड अखंड असेल तर बापडा गप्प बसून असतो. तो कापला, फोडला, त्याला भोक पाडलं की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि छातीत जातात. तात्पर्य, भोक पाडायचं नाही. एवढं साधं लोकांना कसं कळत नाही?

जेवायच्या सुट्टीत सेक्शनला समजावून सांगितलं. सगळे गंभीर झाले. एकाला झोप लागली, पण तो आधीच थकलेला असतो.

९ मार्च, शनिवार. सकाळी ११

ही कन्येकडे गेलीय. मेहुण्यांकडून आणलेलं ड्रिल मशीन चार दिवसांपासून नुसतं पडून आहे. मशीन पडून राहिलं की बिघडतं.

९ मार्च, सकाळी ११.२०

एक भोक पाडलं. एकच. टेस्ट म्हणून. शेल्फचा ब्रॅकेट कुठे येईल याचा अंदाज सर्व्हेनंतर घेण्यापेक्षा आधी घेतला तर वेळ वाचतो. प्लॅनिंग सेक्शनमध्ये सव्वीस वर्षं उगाच नाही काढली.

राखाडी भुकटी पडली. व्हॅक्यूम क्लीनरने लगेच साफ. भोक गुडघ्याच्या उंचीवर आलंय (मशीन जड आहे, हात खाली गेला). त्यावर कॅलेंडर लावलं. कोणाला शंका येणार नाही.

९ मार्च, दुपारी ४

नुसतं कॅलेंडर बरं दिसेना. डावीकडे आरसा लावला. उजवीकडे कन्येचं पोत्यात पाय घालून पळण्याच्या शर्यतीतलं तिसऱ्या नंबरचं सर्टिफिकेट. पलीकडे माझा ऑफिसच्या सहलीतला फोटो. उंची सगळ्यांची वेगवेगळी. हल्ली असंच असतं. खोलीला एकदम गॅलरीचा लुक आलाय. व्हॅक्यूम क्लीनर पुन्हा तीनदा फिरवला.

१० मार्च, रविवार

हिने विचारलं, कॅलेंडर गुडघ्याशी का? मी सांगितलं, माणसाची नजर नम्र असावी. आरसा कमरेशी का? पॅन्टची इस्त्री बघायला. ही थोडा वेळ माझ्या सहलीच्या फोटोकडे बघत राहिली. मग खोलीचं दार ओढून घेतलं आणि म्हणाली, आता सोळापर्यंत आत पाय टाकायचा नाही. कोणीच.

हिला काही कळलेलं नाही.

१६ मार्च, शनिवार. सकाळी १०

आज सर्व्हे. बाईंना चहा देईन, खोली दाखवीन, अर्ध्या तासात क्लीन चिट. दुपारपासून बोर्ड उपटायला सुरुवात.

१६ मार्च, संध्याकाळी ५

सविस्तर लिहायला हवं.

सर्व्हेवाल्या बाई कन्येच्या वयाच्या. पांढरा कागदी सूट, तोंडावर मोठा मास्क, हातात टॉर्च, पटाशी आणि पाण्याचा स्प्रे. चहा नको म्हणाल्या. दारातच विचारलं, इतक्यात इथे काही ड्रिलिंग, ठोकाठोकी? मी म्हणालो, छे.

बाईंनी कॅलेंडर उचललं.

मग आरसा उचलला. मग सर्टिफिकेट. मग माझा फोटो. प्रत्येक वेळी टॉर्च मारत होत्या आणि वहीत लिहीत होत्या. मी खुलासा केला की भोक एकच आहे, फक्त चार ठिकाणी. बाईंनी विचारलं, भुकटी कशाने काढली? मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. साधा व्हॅक्यूम क्लीनर म्हणे बारीक तंतू पुढून ओढतो आणि मागून खोलीभर सोडतो. मी चारदा खोली साफ केली, म्हणजे चारदा पेरणी केली.

त्यानंतर वेगाने घटना घडल्या. व्हॅक्यूम क्लीनर जाड प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, टेप, लेबल. मेहुण्यांचं ड्रिल: पिशवीत. कॅलेंडर: पिशवीत. भोकं पाडताना अंगात कुठला शर्ट होता? हाच. तो अंगातच होता, लकी शर्ट आहे. शर्ट: पिशवीत. मला एक कागदी सूट दिला. तो घालून मी बाथरूमपर्यंत गेलो. पांढरा रंग मला शोभतो.

बाईंचं काम मात्र नीटस. आधी पाणी मारायचं, मग नाण्याएवढा तुकडा काढायचा, डबीत टाकायचा, जागेवर टेप, टेपवर नंबर. पाच नमुने घेतले. जाताना म्हणाल्या की एकदाच झालंय, धोका फार नाही, पण पुन्हा असं होता कामा नये. हे म्हणताना बघत हिच्याकडे होत्या.

खोलीच्या दारावर प्लास्टिक आणि लाल टेप. ही खुर्चीत बसून पेन्सिलीला टोक करत राहिली. पेन्सिलीला आधीच टोक होतं.

१७ मार्च, रविवार

सकाळपासून अकरा वेळा खोकलो. नोंद ठेवतोय. कन्येचा फोन. म्हणाली, बाबा, तुम्हाला खोकला आलाय की तुम्ही तो आणताय? हिचं म्हणणं, मी मोजायला बसलो तेव्हापासून सुरू झालाय. दुपारी मोजायचं विसरलो. दुपारी खोकलो नाही. योगायोग.

२३ मार्च, शनिवार (कॅलेंडर सीलबंद असल्यामुळे तारीख अंदाजे)

रिपोर्ट आला! एकतीस पानं. छत: नाही. फरशी: नाही. खिडकीचं लांबी-पुट्टीचं काम: नाही. भिंतीचे बोर्ड: आहे. पाइपाभोवतीचं जुनं वेष्टण: आहे. पाचपैकी तीन पास. साठ टक्के. फर्स्ट क्लास! मिस्त्रींना फोन करून कळवलं. त्यांनी फोन ठेवला.

एका गोष्टीला मात्र माझी हरकत आहे. भिंतीतल्या कपाटामागची जागा आणि छताच्या वरची पोकळी बाईंना उघडता आली नाही. तिथे रिपोर्टात लिहिलंय: ‘आहे असं गृहीत धरलं.’ हा काय न्याय? मी बाईंना फोन लावला. म्हणाल्या, काका, नियमच आहे. जे उघडून बघितलेलं नाही ते गृहीत धरायचं.

हे मी हिला वाचून दाखवलं. ही हसायला लागली. इतकी, की अंबाड्यातली पेन्सिल निसटून खाली पडली आणि हिला खुर्ची धरावी लागली. म्हणाली, तीस वर्षं या घरात तोच तर नियम चालू आहे, मला आज त्याचं नाव कळलं.

मीही हसलो. विनोद चांगला होता. आंघोळ करताना पुन्हा आठवला. तेव्हा तेवढा चांगला वाटला नाही.

२५ मार्च, सोमवार

लायसन्सवाले लोक येऊन बोर्ड काढणार, हवा तपासणार, मग खोली मोकळी. त्यांची पहिली मोकळी तारीख: २२ एप्रिल. क्लास ७ ला.

घाबरायचं कारण नाही. प्लॅन बी: क्लास हॉलमध्ये. टेबल मोजलं. आठ माणसं, पुस्तकं दाबायचे आठ बाइंडिंगचे प्रेस. सोफा उभा केला तर सहा बसतात. उरलेल्या दोघांनी बाल्कनीत उभं राहून खिडकीतून शिवायचं. हवेशीर.

२८ मार्च, गुरुवार

सोफा उभा करून बघितला. आता आडवा होत नाही. ही जेवणाच्या खुर्चीवर ताठ बसून पेपर वाचतेय. हिला काही कळलेलं नाही.

३१ मार्च, रविवार

ठरलं. उद्या हिला स्पष्ट सांगून टाकायचं की खोली होत नाही.

१ एप्रिल, सोमवार

आज सांगणं बरं नव्हे. एक एप्रिल आहे, थट्टा वाटायची.

२ एप्रिल, मंगळवार

ही दिवसभर पुठ्ठे कापत होती. आठ संच. प्रत्येकात सुई, मेणाचा तुकडा, गुंडाळलेला दोरा. गुणगुणत होती. हिला गुणगुणताना मी शेवटचं कधी ऐकलं ते आठवेना. सांगितलं नाही.

५ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ६.३०

सांगितलं. म्हणालो, खोली तयार नाही. चूक माझी आहे. भोकं चार आहेत. आठही जणांना मी स्वतः फोन करून माफी मागतो.

ही म्हणाली, फोन कशाला? क्लास ७ ला आहेच. ड्रायक्लीनरच्या दुकानावरचा हॉल घेतलाय, दर रविवारचा.

मी विचारलं, कधी घेतला? ही म्हणाली, ३ मार्चला. तुम्ही मिस्त्रींसमोर हसत होतात तेव्हा मी बाल्कनीत होते.

म्हणजे पहिल्याच दिवशी! माझ्या हातात अजून मशीनही नव्हतं. मी विचारलं, तुला कसं कळलं की माझ्याने होणार नाही? ही म्हणाली, कळलं नाही हो. गृहीत धरलं.

मग म्हणाली, पण भोकं चार हे स्वतःहून बोललात, ते काही मी गृहीत धरलं नव्हतं. आणि सोफा आडवा करायला मेहुण्यांना बोलावलंय.

७ एप्रिल, रविवार. संध्याकाळी

बाइंडिंगचे प्रेस वर हॉलमध्ये नेऊन दिले. जिना अरुंद, आठ फेऱ्या. नंतर निघायचं कोणी सांगेना, म्हणून मागच्या टेबलावर बसलो. नववा विद्यार्थी. हॉलमध्ये इस्त्रीचा वास, मोठ्या खिडक्या. ही फळ्यापाशी उभी राहून बोलायला लागली आणि मला ओळखूच येईना. मोठा, मोकळा आवाज. घरात हा आवाज कुठे होता?

पहिला पाठ: प्रत्येकाने एक खिळखिळी वही आणायची, उसवायची आणि पुन्हा शिवायची. माझ्याकडे ही रोजनिशीची वहीच होती, नवी, पण सुटकेसखाली दबून खिळखिळी झालेली. ही टेबलाशी आली तशी मी वहीवर हात ठेवला. ही म्हणाली, बाइंडर आतलं वाचत नसतो. आणि पुढे गेली.

पानं सुटी केली. तेव्हा दिसलं. १० मार्चला, ‘हिला काही कळलेलं नाही’च्या बाजूला समासात पेन्सिलीने बारीक, लायब्ररीच्या अक्षरात: ‘कळलं.’ २८ मार्चला पुन्हा: ‘कळलं. सोफा?’ ‘भोक एकच’ खाली रेघ मारून ‘४’. टोस्टच्या वाक्यापुढे: ‘म्हणून त्या दिवशी खळ कमी पडली.’ दोन ठिकाणी वेलांट्या सुधारलेल्या.

मी एकटाच हसत होतो. शेजारच्या विद्यार्थ्याने बघितलं.

मग पहिलं पान हातात आलं. ३ मार्च, सकाळी ८. ‘म्हणजे तशी घाई नाही हिला.’ त्यातल्या ‘नाही’वर एक रेघ. वर एकच शब्द. ‘होती.’

बाकीच्यांनी शिवायला घेतलं तरी माझी सुई ओवली जाईना. चष्मा पुसला, तरी जाईना. ही आली, माझ्या हातातून सुई घेतली, ओवून दिली आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

वही घट्ट शिवली गेलीय. पहिल्या प्रयत्नाला बरी आहे, असं ही बाकी आठही जणांना म्हणाली, फक्त मला नाही.

आजपासून वही जेवणाच्या टेबलावरच ठेवतोय. सुटकेसखाली ठेवून उपयोग नाही, हिला स्टुलावर चढावं लागतं.